मीठ खाल्लेल्यांचे गाव

इटलीला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे तीन प्रश्न ठरलेले असतात. पिसाचा मनोरा खरोखरीच कललेला आहे का? व्हेनिसच्या नावेत बसलात का? आणि तिकडे जेवणाचे कसे केलेत? यांतल्या पहिल्या दोन प्रश्नांत मी साफ नापास झालो आहे. मे महिन्याच्या सुटीत आम्ही उभयता आठ दिवस मिलानला माझ्या मेहुण्याकडे होतो, आणि त्या आठांतले दोन दिवस मी मांतुआ नावाच्या एका आडबाजूच्या गावात घालवले. मेहुण्याने कपाळाला हात लावला. "भावोजी, माणसे व्हेनिसला जातात हो!" आमच्या कुटुंबाने मात्र एवढेच म्हटले, "जाऊ दे रे. ह्यांचं काहीतरी तिथे अडलं असेल." बायकांना या गोष्टी कशा कळतात कोण जाणे, पण माझे तिथे खरोखरच काहीतरी अडले होते.

निमित्त झाले ते आदल्या रात्रीचे. मेहुण्याने जेवणानंतर व्हेर्दीची 'रिगोलेत्तो' ही संगीतिका टीव्हीवर लावली. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकाचा दूरचा चुलता म्हणावा. फरक इतकाच, की यात गद्याला जवळजवळ मज्जावच असतो. 'दार उघडा' हेसुद्धा गाऊनच सांगायचे. कथानक घडते मांतुआच्या दरबारात, आणि नायक आहे एक कुबडा खुषमस्कऱ्या. पहिला अंक मी मजेत पाहिला. दुसऱ्या अंकात अशी एक जागा आली, की मी उठलो आणि सज्जात जाऊन उभा राहिलो. का, ते पुढे येईल. सकाळी आम्ही गाडीत बसलो.

मिलानहून मांतुआ साध्या गाडीने दोन तासांवर आहे. वाटेत क्रेमोना लागते. व्हायोलिन घडवणाऱ्या स्त्रादिवारीचे हे गाव. क्लाउदिओ मोन्तेवेर्दी हा संगीतकार १५६७ साली जन्मला तोही इथलाच. या गृहस्थाची गाठ आपल्याला पुढे पडायची आहे, तेव्हा नाव ध्यानात असू द्यावे. क्रेमोना मागे पडले की भाताची, मक्याची सपाट शेते, पॉप्लरच्या रांगा, आणि मग एकाएकी पाणीच पाणी. बाराव्या शतकात मिंचो नदीला बांध घालून तिची तळी केली. त्या तळ्यांनी मांतुआ तीन बाजूंनी वेढले आहे. दुरून पाहावे तर बुरूज, घुमट आणि मनोरे पाण्यावर ठेवल्यासारखे दिसतात.

या गावावर गोन्झागा घराण्याने १३२८ पासून जवळजवळ पावणेचारशे वर्षे राज्य केले. राज्य ते केवढे! आपल्या एखाद्या लहानशा संस्थानाएवढे. पण वाडा मात्र पाचशेहून अधिक दालनांचा. "केर कोण काढत असेल?" हा कुटुंबाचा पहिला प्रश्न. दालनामागून दालने ओलांडताना ध्यानात येते, की बहुतेक भिंती उघड्या आहेत. गादीवरच्या मंडळींनी कर्जापायी १६२७-२८ च्या सुमारास आपला चित्रसंग्रह इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याला विकून टाकला, आणि १६३० साली सम्राटाच्या फौजांनी शहर लुटले. नेता येण्यासारखे होते ते गेले. भिंतीवरच रंगवलेले होते तेवढे राहिले.

त्या राहिलेल्यांत एक चौकोनी खोली आहे. आंद्रेआ मांतेन्याने ती रंगवून १४७४ साली पुरी केली. २०१२ च्या भूकंपानंतर ती काही वर्षे बंद होती. २०१५ साली पुन्हा उघडली. आत थोडीच माणसे आणि थोडाच वेळ सोडतात. भिंतीवर लुदोविको गोन्झागा बसला आहे. हातात पत्र, खुर्चीखाली त्याचा आवडता कुत्रा, शेजारी पत्नी बार्बरा, अवतीभवती मुलेबाळे. एक जण अदबीने वाकून हुकूम ऐकतो आहे. आणि उजवीकडे जिन्यावर, खांबांपाशी, दरबारी. पायांत घट्ट पायमोजे, गोन्झागांच्या रंगांचे, पांढरे आणि तांबडे. जणू त्यांचे पायसुद्धा सरकारजमा झाले आहेत!

कुटुंबाने बराच वेळ पाहिले आणि हळूच म्हटले, "अहो, या लोकांचे डोळे बघा. कुणाचे कुठे, कुणाचे कुठे. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. सरळ आपल्याकडे बघतेय ती एकटी ही ठेंगणी बाई."

खरेच होते. बार्बराच्या पायांशी दरबारातली एक ठेंगू स्त्री उभी आहे, आणि ती थेट पाहणाऱ्याच्या नजरेला नजर देते. ठेंगू माणसे करमणुकीसाठी पदरी बाळगण्याची या दरबाराची ख्याती एवढी होती, की वाड्यातल्या एका बुटक्या जिन्याला आणि लहानशा खोल्यांना वर्षानुवर्षे 'ठेंगूंचे महाल' म्हणत. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले, की ती रोममधल्या पवित्र जिन्याची छोटी प्रतिकृती आहे. पण लोकांना ती दंतकथा खरी वाटत आली, यातच काय ते आले.

आपल्या भाषेत एक फार चांगला वाक्प्रचार आहे: खाल्ल्या मिठाला जागणे. त्या खोलीत उभा असताना तो माझ्या मनात घोळू लागला. भिंतीवरची ही सारी माणसे मीठ खाल्लेली. रंगवणारा मांतेन्यासुद्धा १४६० पासून याच घराचा पगारी चित्रकार. पण मिठाला जागायचे म्हणजे नेमके काय करायचे? धन्याच्या 'हो'त 'हो' मिळवायचे, की धनी खड्ड्याकडे निघाला असता त्याला हाक मारायची? मांतेन्याने आपल्यापुरते उत्तर दिले आहे. त्याने धन्याची हनुवटी, गळ्याची घडी, पोक्त वयाचा थकवा, काही लपवलेले नाही. स्वतःचा चेहरा मात्र त्याने एका खांबावरच्या पानाफुलांच्या नक्षीत लपवला आहे. खरे बोलावे आणि आपण पानाआड राहावे, अशी ही युक्ती! साऱ्यांनाच ती साधते असे नाही.

मोन्तेवेर्दीला ती साधली नाही. १५९० च्या सुमारास तो वादक म्हणून या वाड्यात आला आणि पुढे दरबारी संगीताचा प्रमुख झाला. २४ फेब्रुवारी १६०७ रोजी त्याचा 'ऑर्फेओ' याच वाड्यात प्रथम झाला. आज जगभर रंगमंचावर होत असलेल्या ऑपेरांत तो सर्वांत जुन्यांपैकी एक. आपले 'शाकुंतल' किर्लोस्करांनी रंगभूमीवर आणले १८८० साली. म्हणजे हे पावणेतीनशे वर्षे आधीचे. त्याची पद्यरचना करणारा आलेस्सांद्रो स्त्रिज्यो हाही दरबारचाच चिटणीस. त्याच वर्षी सप्टेंबरात मोन्तेवेर्दीची बायको वारली. महिना उलटायच्या आत वाड्याचे बोलावणे आले: युवराजांचे लग्न ठरले आहे, नवे संगीत हवे. तो गेला. पुढच्या वर्षी लग्नसमारंभ थाटात झाला, आणि हा घरी येऊन आजारी पडला. दरबारच्या एका अधिकाऱ्याला त्याने पत्र लिहिले. त्यात डोकेदुखी आहे, अंगाची आग आहे, न मिळालेल्या पैशांचा हिशेब आहे, इतरांना मिळालेल्या बक्षिसांची यादी आहे. चारशे वर्षांपूर्वीचे ते पत्र कोणत्याही कचेरीतल्या कारकुनाने काल लिहिले असे वाटावे! १६१२ साली जुना ड्यूक मेला आणि नव्याने याला कामावरून काढले. एकवीस वर्षांच्या चाकरीनंतर आपण पंचवीस स्कुदी घेऊन बाहेर पडलो, असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे. दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या सेंट मार्क देवळात त्याला मानाची जागा मिळाली. १६२० साली मांतुआने त्याला परत बोलावले, तेव्हा त्याचे उत्तर गेले स्त्रिज्योलाच. इथे मला वर्षाला चारशे दुकाती मिळतात, ते मागावे लागत नाहीत, आणि कुणा राजाच्या मरणाने ते थांबत नाहीत, असा त्याचा आशय. मीठ बदलणे हाही एक मार्ग आहे. मात्र अंगी मोन्तेवेर्दीची विद्या असावी लागते.

दुपारी जेवायला बसलो. मांतुआचा खास पदार्थ म्हणजे लाल भोपळ्याचे सारण भरलेली उकडलेली पुडकी. गोडसर, वर लोणी. "भोपळ्याची करंजी," कुटुंबाने निकाल दिला, "पण तळायला विसरलेली." नंतर आली 'स्ब्रिझोलोना' नावाची बदामाची कडक वडी. ती सुरीने कापत नाहीत. मध्ये ठेवून हातांनी मोडतात आणि सगळ्यांनी मिळून तुकडे उचलतात. तिचे एक बंद पाकीट मी घेतले. "कुणासाठी?" असे कुटुंबाने विचारले. मी "बघू" म्हणालो.

मग बसने ग्राझ्ये नावाच्या खेड्यात गेलो. तिथे तळ्याकाठी मेरीमातेचे जुने देऊळ आहे. आत पाऊल टाकले आणि कुटुंबाने माझा दंड धरला. छताला साखळीने एक मगर टांगलेली! पेंढा भरलेली, पण खरीखुरी. भिंतींच्या कोनाड्यांत माणसाएवढे पुतळे: कोणी फाशीच्या दोरीखाली उभा, कोणी विहिरीत पडत असलेला. नवस फेडणाऱ्यांचे हे सारे. आणि या जत्रेत एका बाजूच्या कक्षात, पिरॅमिडच्या आकाराच्या शांत समाधीखाली, युरोपला दरबारी सभ्यता शिकवणारा माणूस विसावला आहे: बाल्दास्सारे कास्तिल्योने.

हा मांतुआजवळच्या काझातिकोचा, जन्म १४७८ चा. आधी गोन्झागांच्या पदरी होता. मग त्यांची नाराजी पत्करून उर्बिनोच्या ड्यूककडे गेला. त्याचे 'दरबारी' हे पुस्तक १५२८ साली व्हेनिसला छापले गेले आणि पुढे युरोपभर भाषांतरित झाले. उर्बिनोच्या वाड्यात १५०७ सालच्या मार्चमध्ये चार रात्री चाललेल्या गप्पांचे ते पुस्तक आहे. सभा भरते डचेस एलिझाबेत्ताच्या दालनात. ती मांतुआच्या गोन्झागांचीच लेक. उत्तम दरबारी कसा असावा, असा विषय निघतो. त्याने घोड्यावर बसावे, गावे, चित्र काढावे, विनोद करावा. पण यातले काहीही करताना सायास दिसू देऊ नये. सारे कसे सहज, जाता जाता केल्यासारखे.

मी हे पुस्तक इंग्रजीतून पूर्वी वाचले होते, ते या युक्त्यांसाठी. खरे सांगायचे तर माझ्या उपयोगी पडल्या त्याही याच. पण पुस्तकात आणखी दोन जागा आहेत, आणि त्यांच्यावरून मी त्या वेळी भरभर पाने उलटली होती. एक जागा विनोदाच्या प्रकरणात आहे: दुःखात सापडलेल्या दीनाची थट्टा करू नये, त्याची कीव यावी, हसू नव्हे. दुसरी चौथ्या रात्रीची. ओत्ताव्हिआनो फ्रेगोसो नावाचा सरदार म्हणतो, की हे गाणे, नाचणे, गोड बोलणे म्हणजे नुसती फुले. फळ वेगळेच आहे. धन्याची मर्जी मिळवायची ती एवढ्यासाठी, की वेळ आली असता त्याला न भिता सत्य सांगता यावे. आणि धनी सुधारण्यापलीकडे गेलेला असेल, तर त्याची चाकरी सोडावी. हे वाचताना मराठी माणसाला रामशास्त्री आठवल्यावाचून कसे राहतील? ती गोष्ट आपण शाळेत वाचतो, उत्तरपत्रिकेत लिहितो, आणि मग नोकरीला लागतो.

स्वतः कास्तिल्योनेलाही हे फळ सुखाचे गेले नाही. तो पोपचा वकील म्हणून स्पेनमध्ये असताना १५२७ साली सम्राटाच्या सैन्याने रोम लुटले. 'तू आम्हाला आधी सावध का केले नाहीस?' असा ठपका पोपने याच्यावर ठेवला. त्याने निक्षून उत्तर पाठवले. पण १५२९ साली तोलेदोला तो वारला. तिथून त्याला इथे आणले, तरुणपणी गेलेल्या पत्नीशेजारी. समाधीवरून नजर वर गेली की ती मगर दिसते. दरबारात वावरलेल्या माणसाच्या डोक्यावर मगर असावी, हे मला तरी अगदी यथायोग्य वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिगोलेत्तोचे घर. वाड्यासमोरच्या चौकाच्या कडेला ते आहे. अंगणात टोपी-घुंगरांतला त्याचा पुतळा आहे. गंमत अशी, की रिगोलेत्तो नावाचा माणूस मांतुआत कधी नव्हताच. व्हिक्टर ह्यूगोने १८३२ साली फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस आणि त्याचा विदूषक त्रिबूले यांच्यावर नाटक लिहिले. राजाला बाहेरख्याली दाखवले म्हणून पॅरिसला एका प्रयोगानंतर ते बंद पडले. व्हेर्दीने त्याचा ऑपेरा करायला घेतला तेव्हा व्हेनिसवर ऑस्ट्रियाचा अंमल होता; तिथल्या परीनिरीक्षकांनीही आधी नकार दिला. शेवटी तोड निघाली: राजाचा ड्यूक करा, फ्रान्सचे मांतुआ करा. गोन्झागा घराणे केव्हाच बुडाले होते. अब्रूनुकसानीची फिर्याद करायला कोणी उरले नव्हते! व्हेर्दीने नायकाचे कुबड मात्र सोडले नाही. ११ मार्च १८५१ रोजी व्हेनिसला पहिला प्रयोग झाला.

कथा थोडक्यात अशी. ड्यूक स्त्रीलंपट, आणि दरबारी त्याच्या पापात हसत सामील. रिगोलेत्तोचे काम धन्याला हसवण्याचे. मोन्तेरोने नावाचा वृद्ध सरदार आपल्या मुलीच्या अब्रूची दाद मागायला येतो, तर हा त्याची नक्कल करतो. म्हातारा शाप देतो. रिगोलेत्तोला स्वतःची एक मुलगी आहे, जिल्डा; तिला त्याने जगापासून लपवून ठेवले आहे. दरबाऱ्यांना वाटते, ही याची ठेवलेली बाई. त्याचीच खोड मोडावी म्हणून ते रात्री त्याचे डोळे बांधतात, त्यालाच शिडी धरायला लावतात, आणि तिला पळवून ड्यूकच्या हवाली करतात.

आणि मग दुसऱ्या अंकातली ती जागा. सकाळी रिगोलेत्तो दरबारात येतो. ओठांवर बेफिकिरीची लकेर, पण डोळे कानाकोपरा धुंडाळत आहेत. दरबारी एकमेकांना खुणावतात. मुलगी आतल्या दालनात आहे हे त्याला उमगते, आणि तो दाराकडे धावतो. ते सगळे मिळून दार अडवतात. व्हायोलिनचे वादळ उठते. तो त्यांना विकाऊ म्हणतो, शिव्याशाप देतो. मग त्याचे बळ सरते. वाद्यवृंद खाली येतो, आणि चेलोच्या सुरावर तो एकेकापुढे हात पसरतो. त्यांतल्या मारुल्लोला तो म्हणतो, की तुझे तरी मन मऊ आहे, तू सांग. मारुल्लो गप्प राहतो.

पुतळ्यापाशी कुटुंबाने विचारले, "परवा तुम्ही इथेच उठून गेलात ना?"

आता सांगितलेच पाहिजे. मी ज्या महाविद्यालयात शिकवतो, तिथे संस्थेच्या अध्यक्षांची मानपत्रे मी लिहितो. 'ज्ञानयज्ञाचे ऋत्विज' वगैरे शब्द मला सहज सुचतात. सायास दिसत नाहीत. काही वर्षांपूर्वी एका बैठकीत माझा सहाध्यापक, एके काळचा जिवलग मित्र, उभा राहिला. तासिका तत्त्वावर नेमलेल्या तरुण मुलांचे कित्येक महिन्यांचे मानधन थकले होते. त्याबद्दल त्याला विचारायचे होते. बोलताना तो अडखळतो. त्या दिवशी 'मानधन' या शब्दाच्या 'मा'वरच तो अडला. अध्यक्षांनी त्याच्या अडखळण्याची हुबेहूब नक्कल केली आणि म्हणाले, "मा... मा... कोण, मामा आलेत का?" सारी बैठक हसली. मीही हसलो. तो खाली बसला. पुढच्या वर्षी तो संस्था सोडून गेला. मी त्याला एक फोनसुद्धा केला नाही.

"हे मला कधी बोलला नाहीत," कुटुंब म्हणाले.

"काय बोलणार? मी काहीच केलं नव्हतं."

"तेच तर," ती म्हणाली, आणि बराच वेळ आम्ही दोघे गप्प होतो.

संध्याकाळी सान जोर्जोच्या पुलावरून चालत पलीकडे गेलो. पैलतीरावर एक जुना बुरूज आहे. त्याला स्पाराफुचिलेचा गड म्हणतात. स्पाराफुचिले हा ऑपेरातला भाडोत्री मारेकरी. तिसरा अंक त्याच्या खानावळीत, मिंचोच्या काठी. सूडापोटी रिगोलेत्तो ड्यूकच्या खुनाची सुपारी देतो, आणि मध्यरात्री पोत्यातले प्रेत घेऊन नदीकडे निघतो. तेवढ्यात लांबून ड्यूकचे तेच छचोर गाणे ऐकू येते. पोत्यात असते त्याची मुलगी. शाप खरा ठरतो, पण शापाचे तिथे फारसे काही नाही असे मला वाटते. जीभ विकलेल्या माणसाला ज्या वेळी तिची खरी गरज लागते, त्या वेळी ती ऐकणारा कोणी उरत नाही, एवढेच. दुसऱ्याच्या मुलीवर हसलेल्याची मुलगी दाराआड होती, आणि दाराशी हसणारेच उभे होते.

पाण्यावर अंधार पडला. समोर पाचशे दालनांच्या त्या वाड्यातल्या मोजक्याच खिडक्यांत उजेड होता. राजे गेले, दरबारी गेले. राहिले काय? एका चित्रकाराने न लपवलेली हनुवटी, एका गवयाच्या पगाराच्या तक्रारी, एका सभ्य गृहस्थाचे चौथ्या रात्रीचे शब्द, आणि कधी न जन्मलेल्या एका कुबड्याचा हंबरडा.

परत आल्यावर जूनमध्ये मी त्या मित्राचा पत्ता शोधला. तो आता दुसऱ्या गावी शिकवण्या करतो. दार त्यानेच उघडले. मी वडीचे पाकीट पुढे केले आणि पाठ करून आणलेली दोन वाक्ये कशीबशी म्हणालो. या खेपेला अडखळलो तो मी. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "सगळे हसले, ते मला ऐकू आलं. तू हसलास, ते दिसलं. मी तुझ्याकडेच बघत होतो रे." यावर मला उत्तर नव्हते. थोड्या वेळाने त्याने पाकीट फोडले, वडी हातांनी मोडली आणि मोठा तुकडा माझ्यापुढे ठेवला. सगळे मिटले असे मी म्हणणार नाही. पण निघताना तो फाटकापर्यंत आला.

मधल्या काळात वहिनींनी पोहे केले होते. "कसे झालेत?" त्यांनी विचारले. पोह्यांत मीठ चांगलेच पुढे गेले होते. 'उत्तम, फारच उत्तम' हे शब्द सवयीने ओठांपर्यंत आले होते. मी मित्राकडे पाहिले.

"मीठ जरा जास्त झालंय, वहिनी," मी म्हणालो, आणि बशी स्वच्छ केली.